सतरावी बांधी

तार आली तेव्हा मी पर्जन्यमापकातलं पाणी काचेच्या नळीत ओतत होतो. सकाळचे साडेआठ वाजले होते. पाऊस साडेआठलाच मोजायचा, आठ पस्तीसलाही नाही, हा पाठराब्यांचा दंडक, आणि ते आजारपणासाठी नागपूरला गेले तरी तो मी मोडला नव्हता. पोस्टातला माणूस सायकल धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, टाकून चिखलातून चालत आला. तारेतला मजकूर त्याला ठाऊक होता, त्यामुळे कागद पुढे न करताच तो म्हणाला, "गोविंदाभाऊ, साहेब गेले जी..." त्यानंतर मी काय केलं ते मला नीट आठवत नाही. नळी हातातून कलंडली असावी, कारण भानावर आलो तेव्हा ती रिकामी होती आणि माझा सदरा ओला होता. त्या दिवसाचा पाऊस आमच्या रजिस्टरात नाही. गड्यांपैकी एकजण म्हणाला, जमिनीची ओल पाहून अंदाजाने लिहून टाका, कोण विचारायला बसलंय. सहा वर्षांपूर्वीचा मी असतो तर बेलाशक लिहिलं असतं. या वेळी ती जागा कोरी ठेवली.

मोरेश्वर पाठराबे कुरखेड्याजवळच्या आमच्या भाताच्या फार्मवर सहा वर्षं संशोधक होते. मी त्याच फार्मवरचा कामदार. गड्यांची हजेरी, बैल, बियाणं, पाटाचं पाणी हे माझ्याकडे, आणि कागद, पेन्सिल, काटा हे त्यांच्याकडे. वयाने मी त्यांच्याहून बारा वर्षांनी मोठा आणि इथलाच, झाडीपट्टीतला. माझ्या बापजाद्यांनी या मातीत धान पिकवलं ते नुसतं डोळ्यांनी पाहून आणि बोटांनी चाचपून. तेव्हा नागपुराहून आलेला हा सडपातळ, जाड भिंगांचा, सदैव घाईतला माणूस मला मुळात आवडलाच नव्हता, हे आधी सांगून टाकतो. आल्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "विहीर किती लांब आहे?" मी म्हणालो, "ही काय, इथीच." ते पावलं मोजत गेले, पावलं मोजत परत आले आणि वहीत आकडा लिहून म्हणाले, "गोविंदराव, 'इथीच' म्हणजे एकशे बारा पावलं." मी मनात म्हटलं, हे ध्यान इथे आठ दिवस टिकायचं नाही.

मोजण्याचं त्यांना वेडच होतं. चहात साखर किती, बैल तासाला किती चालतो, रोवणा करणारी बाई एका दमात किती रोपं लावते, सगळं वहीत. एकदा आम्ही मार्कंड्याच्या जत्रेला गेलो. बाकीचे देवळाच्या रांगेत, आणि हे वैनगंगेच्या काठावर एक पान पाण्यात सोडून घड्याळ धरून उभे! नावाड्याला वाटलं, माणूस काहीतरी नवस फेडतोय. त्याने अदबीने विचारलं, "कोणता नवस व्हता जी?" पाठराबे म्हणाले, "नदी किती वेगाने चालते ते पाहतोय." नावाडी विचारात पडला आणि म्हणाला, "तिले कुठी घाई हाय?" हे उत्तर पाठराब्यांना इतकं आवडलं की तेही त्यांनी वहीत लिहून घेतलं. गावात त्यांना साहेब म्हणणारे थोडे. पूर्वी खळ्यावर धान मापणारा मापारी असायचा, त्यावरून बायकांनी त्यांचं नाव मापारीभाऊ ठेवलं आणि तेच पुढे चाललं.

त्यांचा प्रयोग साधा होता, निदान त्यांनी मला तो साध्या शब्दांत समजावला. आमच्याकडे धानाच्या शेताच्या तुकड्याला बांधी म्हणतात. अंगणाएवढ्या सोळा बांध्या आखायच्या. चार बांध्यांना काहीच द्यायचं नाही, चारांना शेणखत, चारांना नव्याने आलेलं गोणीतलं पांढरं खत, आणि उरलेल्या चारांमध्ये जंगलातला ऐनाचा नि करंजाचा हिरवा पाला चिखलात तुडवायचा. मग कापणीला प्रत्येक बांधीचं धान वेगळं मळून वेगळं जोखायचं. असं तीन वर्षं. "गोणी येते ट्रकमधून," ते म्हणायचे, "आणि ऐन पावसात, जेव्हा तिची गरज असते, तेव्हा तुमचा रस्ता बंद असतो. पाला दारात आहे. तीन वर्षांनी जर मला लिहिता आलं की पाल्यात आणि गोणीत फरक नाही, तर गोविंदराव, मी या धुऱ्यावर नाचेन." फरक नाही, या दोन शब्दांसाठी माणूस तीन वर्षं राबतो याचं मला तेव्हा हसू आलं होतं.

कोणत्या बांधीला काय द्यायचं हे मात्र ते स्वतः ठरवायचे नाहीत. सोळा चिठ्ठ्या करायच्या आणि भिवराबाईला उचलायला लावायच्या. भिवराबाई ढिवराची. तिचा नवरा नि मुलगा तलावावर मासे धरायचे आणि ती आमच्या रोवणा करणाऱ्या बायकांची म्होरकी होती. चिठ्ठ्यांची टोपली पुढे आली की ती कपाळाला हात लावून म्हणायची, "हा तं जुगार खेळून राह्यला बावा!" मीही एकदा विचारलं, चांगल्या जमिनीत पाला घाला ना, तुम्हाला पालाच जिंकायला हवाय ना? ते म्हणाले, "हवाय म्हणूनच तर. माझा लोभ जमिनीपर्यंत पोचू नये म्हणून या चिठ्ठ्या." त्यांची बायको कमलताई आणि लहान मुलगी नागपूरला होत्या. इथे ना धड शाळा ना दवाखाना. तीन वर्षांचा प्रयोग संपला, अहवाल गेला की नागपूरच्या एका मोठ्या संस्थेत त्यांची नेमणूक व्हायची होती, आणि मग तिघांचा संसार एकत्र. प्रत्येक पत्रात कमलताई विचारायच्या, आता किती कापण्या उरल्या? तीन, मग दोन, मग एक.

आता मला माझ्याकडे यायला हवं. गेले दोन महिने हे लिहायचं टाळत होतो ते याच्यासाठीच.

कापणीच्या महिनाभर आधी आम्ही दोघं बांध्यांवरून फिरायचो आणि कोणती किती पिकेल याचा आपापला अंदाज चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकायचो. हा त्यांचाच खेळ. माझा अंदाज क्वचित चुकायचा, त्याचा त्यांना हेवाही वाटायचा. पण पाल्याच्या चार बांध्यांना दरवर्षी दोघांचाही अंदाज फसायचा. उभं पीक बघावं तर सोळांत देखणं, लोंब्या वाकून पाण्याला टेकलेल्या, आणि काट्यावर चढवलं की गोणीच्या बांध्यांपेक्षा कमी. पहिल्या वर्षी त्यांनी माझ्या डोळ्यांना दोष दिला, दुसऱ्या वर्षी काट्याला. तो पितळी तोंडाचा स्प्रिंगचा काटा कचेरीच्या खोलीत तुळईला टांगलेला असे. त्याला खरी वजनं लावून लावून त्यांनी दहादा तपासलं. काटा चोख होता. तिसऱ्या वर्षी त्यांचा संशय पोपटांवर गेला. पोपट चांगल्या दाण्यावर आधी पडतात, हे खरंच आहे. मग आमच्या मापारीभाऊंनी पाल्याच्या बांध्यांसमोर मचाण बांधून घेतलं आणि पहाटेपासून छत्री, वही घेऊन तिथे बसायला सुरुवात केली. वीस दिवस! खाली काम करणाऱ्या बायका हसून हसून बेजार व्हायच्या.

आमच्याकडे आश्विनातल्या पौर्णिमेला नवं करतात. नवं धान आधी देवापुढे जातं, मग माणसाच्या तोंडात. त्या पहाटे आंघोळ करून ओलेत्याने शेतात जायचं, विळा लावायचा नाही, हाताने लोंब्या खुडायच्या, त्यांची जुडी करायची आणि मागे न बघता घरी यायचं. त्यातला वाटा देवाला, आणि एक जुडी ज्याच्या जिवावर घर चालतं त्याला बांधायची. माझी आई नांगराला बांधायची, भिवराबाईच्या घरी जाळ्याला बांधतात. या कामी कुणी कुणाशी बोलत नाही आणि नंतर त्याची चर्चाही करत नाही. अर्थात देवाला न्यायचं तर चांगल्यातलं न्यायचं, आणि त्या तीन वर्षांत सगळ्या पंचक्रोशीत चांगलं धान कुठे होतं? आमच्या फार्मवर, पाल्याच्या बांध्यांत.

पौर्णिमेच्या त्या पहाटे पाठराबे मचाणावर होते. त्यांनी आधी भिवराबाईला येताना पाहिलं. तिने बांधीला हात जोडले, ओंजळभर लोंब्या खुडल्या, गेली. मग दुसरी बाई आली, मग तिसरी, मग दोन म्हातारे. सहावा माणूस डोक्याला पंचा गुंडाळून आला, इकडेतिकडे न बघता सरळ सगळ्यात भरलेल्या बांधीत शिरला आणि चांगली जाडजूड जुडी खुडून घेऊन गेला. तो मी होतो.

त्यांनी वरूनच मोजणी पूर्ण केली. उजाडल्यावर कचेरीत आले आणि वही माझ्यापुढे उघडून ठेवली. त्यांच्या मोत्यासारख्या अक्षरात दोन ओळी होत्या. 'पोपट: शून्य. माणसे: एकोणतीस.' मला वाटलं, आता हा माणूस ओरडेल. ते खुर्चीत बसले आणि त्यांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, "तिन्ही वर्षं?" मी म्हणालो, "तिन्ही." "आणि तुम्हाला कधी वाटलं नाही की मला सांगावं?" खरंच सांगतो, मला वाटलं नव्हतं. बैलाने तोंड घातलं असतं तर मी त्याच दिवशी सांगितलं असतं, चोरी झाली असती तर पोलीस पाटलाकडे गेलो असतो. देवाची जुडी ही पिकातून कमी होणारी गोष्ट आहे हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. जे आपलं नव्हतंच ते गेलं असं कोण म्हणेल? पण अंगणाएवढ्या चार बांध्या, त्यात एकोणतीस ओंजळी, त्याही वेचून वेचून भरलेल्या लोंब्यांच्या... हिशेब मलाही कळला आणि मान वर करवेना.

आधीच्या दोन कापण्यांवरून अहवाल जवळजवळ लिहून झाला होता, तिसरीचे आकडे तेवढे भरायचे होते. त्यात पाला कमी ठरला होता. तो तसा गेला असता तर या भागात पाल्याचं नाव पुन्हा कुणी काढलं नसतं. मी म्हणालो, त्यात काय, पुनव व्हायची होती ती होऊन गेली, एकेका ओंजळीचं वजन काढू, गुणू, आणि पाल्याच्या खात्यात मिळवू. पाला गोणीच्या बरोबरीला येईल, तुम्हाला तेच तर हवं होतं. ते हसले, पण ते हसू मला अजून टोचतं. "तुमचा अंदाज चांगला असतो, गोविंदराव. पण तो अंदाज आहे. आणि मला जे हवं तेच नेमकं अंदाजाने हाती येत असेल, तर मी जास्तच भ्यायला हवं. जे मोजलं नाही ते लिहायचं नाही." त्यांनी वरिष्ठांना कळवलं, 'तिन्ही वर्षांचे आकडे रद्द समजावेत, चूक माझी, प्रयोग पुन्हा करू द्यावा.' माझं नाव त्यात नव्हतं, भिवराबाईचं नव्हतं, गावाचंही नव्हतं. ते पाकीट पोस्टात टाकायला मीच गेलो. वाटेत नाला लागतो. पाकीट त्यात सोडून द्यावं असं मनात आलं, खोटं कशाला बोलू. टाकलं नाही एवढंच.

वरिष्ठांचं उत्तर आलं ते कोरडं होतं. प्रयोग पुन्हा करायला परवानगी दिली होती. मोठ्या संस्थेतली जागा दुसऱ्या कुणाला तरी गेली होती. कमलताईंना काय लिहिलं ते त्यांनी मला सांगितलं नाही, मीही विचारायचं धाडस केलं नाही. आठवडाभर मी त्यांच्या समोर जायचं टाळत होतो, तर एके दिवशी तेच माझ्या घरी आले आणि माझ्या आईला म्हणाले, "आजी, नव्याची खीर उरली असेल तर द्या. धान आमचंच आहे." आई लाजून पदरात तोंड लपवून हसली. त्या क्षणी मी या माणसाचा झालो. त्याआधी नुसता त्यांच्या हाताखाली होतो.

खरा प्रश्न पुढचा होता. पुन्हा सोळा बांध्या आखल्या तरी पुन्हा पौर्णिमा येणारच होती. मी म्हटलं, कुंपण घालू, राखणदार बसवू. ते म्हणाले, "देवाविरुद्ध राखणदार? त्यालाही घरी जुडी न्यायची असेल." मग ते माझ्यासोबत भिवराबाईच्या अंगणात जाऊन बसले. ती जाळं विणत होती.

"बाई, पाल्याच्याच बांधीतून काऊन नेता?" त्यांनी आमच्या बोलीत विचारलं.

"मंग का पिवळ्या पडलेल्या बांधीतून नेऊ? देवाले का उरलंसुरलं देतेत जी?"

"बरं, न्या. पण जाताना माझ्या काट्यावर ठेवून न्या. मी नुसतं वजन लिहून घेईन."

भिवराबाईने जाळं खाली ठेवलं. "नाई भाऊ. देवाले मोजून देत नाई. मोजून तं जावयालेबी वाढत नाई आमी."

पाठराब्यांनी वही मिटली. ज्या माणसाने विहिरीची पावलं मोजली त्याला ही अडचण केवढी असेल ते मीच जाणे. मग ते हळूच म्हणाले, देवासाठी एक वेगळीच बांधी केली तर? प्रयोगात नसलेली, सतरावी. भिवराबाईने दोन अटी घातल्या. "ते बांधी सगळ्याईत चांगली पायजे. नाई तं लोक आपले पाल्यातच शिरतीन, मी कोणाकोणाले आडवू? अन् तिथचं काईच मोजाचं नाई. ना रोप, ना लोंब, ना दाना." पाठराब्यांनी दोन्ही कबूल केल्या. चिठ्ठ्या नव्याने उचलल्या, सोळा बांध्या नव्याने ठरल्या, आणि तलावाच्या तोंडाशी, सगळ्यात कसदार जागेवर सतरावी झाली. तिच्यात शेणखत, तिच्यात पाला, तिच्यात गोणीही. मी म्हटलं, देवाची चंगळ आहे. ते म्हणाले, "असू द्या हो. तिला कुणाशी तुलना करायची नाही."

त्या पुढच्या तीन वर्षांत आमचं राज्य बदललं, मध्य प्रदेशातून आम्ही मुंबई राज्यात गेलो, कचेरीतले छापील कागद निरुपयोगी झाले, पण पौर्णिमेच्या पहाटे सगळं गाव सतराव्या बांधीत जायचं आणि पाल्याच्या लोंबीला कुणी हात लावायचं नाही. पाठराबे लांब धुऱ्यावर उभे राहायचे. बाकी सोळा बांध्यांवरून फिरताना त्यांच्या बोटांत पेन्सिल असे, सतरावी आली की ती खिशात जायची आणि दोन्ही हात पाठीमागे बांधले जायचे. मोह होत असणार, नाहीतर हात बांधायची काय गरज? एकदा मी चिडवायला म्हणालो, "काय म्हणतो तुमचा अंदाज, किती होईल?" तर रागावले! "अंदाज करणं म्हणजे डोळ्यांनी मोजणंच, गोविंदराव. शब्द दिलाय."

यंदाची कापणी शेवटची, तिसरी. भादव्यातच त्यांना ताप येऊ लागला. त्याचंही त्यांनी कोष्टक केलं, दर चार तासांनी तापमान, चौकटीच्या कागदावर रेघ. रेघ चढत गेली तसा मी तो कागद काढून घेतला आणि बैलगाडी जुंपली. वडशाच्या स्टेशनापर्यंत मी बरोबर होतो. गाडीत तणशीवर, धानाच्या पेंढ्यावर, पडून ते मला सूचना देत होते, सोळाही बांध्या एकाच दिवशी कापा, मळणी वेगवेगळी करा, काटा आधी तपासा, प्रत्येक वजन तीनदा घ्या. मी हो हो म्हणत होतो. आगगाडी आली तेव्हा त्यांनी आपली पेन्सिल माझ्या खिशात खोचली आणि म्हणाले, "आणि तिकडे काटा नेऊ नका." तिकडे म्हणजे कुठे, ते मला विचारावं लागलं नाही. आमचं शेवटचं बोलणं ते. बारा दिवसांनी तार आली.

दिवस झाल्यावर कमलताई भावाला घेऊन त्यांचं सामान न्यायला आल्या. मी त्यांना कचेरीच्या या खोलीत, जिथे बसून हे लिहितोय तिथे, बसवलं आणि जे इतकी वर्षं पोटात होतं ते सांगून टाकलं. म्हणालो, ताई, त्या वर्षी मी वेळेवर बोललो असतो तर ते तेव्हाच नागपूरला आले असते. ही तीन वर्षं मी तुमच्याकडून हिरावून घेतली. ते मचाणावर नेत ती छत्री कोपऱ्यात टेकवलेली होती, ती त्यांनी हातात घेतली. "मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "त्यांनी लिहिलं होतं. पोपट शून्य, माणसं एकोणतीस, त्यातले सहावे आपले गोविंदराव. मी आधी रडले. दोन दिवस जेवले नाही. मग ती ओळ पुन्हा वाचली आणि हसूच आवरेना." त्यांनी डोळे पुसले. "मी रागावले नाही असं नाही हं. खूप रागावले. पण ते सगळं त्यांच्यावर रागावून झालं, तुमच्यासाठी काही उरलं नाही." जाताना त्यांनी छत्री नेली. एवढंच म्हणाल्या की निकाल लागला की मला कळवा.

कार्तिकात आम्ही सोळाही बांध्या एका दिवसात कापल्या. असं काम मी आयुष्यात केलेलं नाही. भिवराबाईच्या बायका सकाळपासून एका शब्दाने बोलल्या नाहीत. मळणी वेगवेगळी केली, काटा तपासला, प्रत्येक वजन तीनदा घेतलं. मग मी दार लावून बेरजा करायला बसलो.  चार पाल्याच्या बांध्या एकीकडे, चार गोणीच्या एकीकडे. पुन्हा केली. आणखी एकदा केली. तीन वर्षांत कधी पाला तसूभर वर, कधी गोणी, आणि सरतेशेवटी दोघांत म्हणण्यासारखं काही उरलं नाही. मी त्यांची पेन्सिल घेतली आणि रजिस्टरात त्यांच्याच शब्दांत लिहिलं, फरक नाही. बाहेर आलो. भिवराबाई पायरीवर बसली होती. तिने विचारलं, "काय झालं?" मी म्हणालो, "बाई, आज ते धुऱ्यावर नाचले असते." आणि मग मला रडू आलं, सगळ्यांसमोर, आणि मी ते थांबवायचा प्रयत्नही केला नाही. अहवाल त्यांच्या नावाने गेला आहे. कमलताईंनाही कळवलं आहे.

रजिस्टरात सतराव्या बांधीची ओळ आहे. ती का घातली कोण जाणे, बहुधा ओळीशिवाय बांधी त्यांना बघवत नसावी. वजनाच्या रकान्यात पहिल्या वर्षापुढे त्यांच्या अक्षरात 'मोजले नाही', दुसऱ्यापुढे 'मोजले नाही'. तिसऱ्यापुढे मी लिहिलं. माझं अक्षर गचाळ आहे, पण लिहिलं आहे तेच.

त्यानंतर दोन दिवसांनी भिवराबाई या खोलीत आली. तिच्या हातात लोंब्यांची एक जुडी होती, वाळून सोनेरी झालेली. "पुनवेलेच खुडली व्हती," ती म्हणाली. "जाळ्यावर टांगून ठेवली. तुमचं मोजनं व्हाचं व्हतं ना, काटा लागत व्हता तुमाले. आता मोकळा झाला असन." मला कळेना ती काय म्हणते आहे. तिने स्टूल ओढलं, वर चढली, आणि ती जुडी तुळईच्या काट्याच्या लोखंडी आकड्याला घट्ट बांधली. मी म्हणालो, "अवो बाई, देवाचं काट्याले?" ती खाली उतरली, हात जोडले आणि म्हणाली, "मापारीभाऊचा नांगर तं हाच व्हता."

जुडी अजून तिथेच आहे. काट्याची सुई शून्यावरून किंचित सरकली आहे, एवढं मी दारातूनच पाहिलं. मग स्टुलावर चढलो आणि आकडा नजरेला पडायच्या आत काट्याचं तोंड भिंतीकडे फिरवून ठेवलं.